संपर्कराव अड्यारकर

संपर्करावांना नमस्कार केला की ते नमस्कार परत करत नाहीत, नंबर मागतात. मंडळाच्या गणपतीत एका हातात प्रसादाचा द्रोण आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन ते उभे असतात. आरतीत त्यांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाचं गाव, कंपनी, हुद्दा आणि साहेबाचं नाव शेवटच्या कडव्याच्या आत त्यांच्या फोनमध्ये गेलेलं असतं. मंत्रपुष्पांजलीला ते डोळे मिटतात, पण ते नाव पाठ करण्यासाठी.

त्यांचं खरं नाव वेगळं आहे. आता ते फक्त त्यांच्या आधार कार्डावर आणि वहिनींच्या उखाण्यात उरलंय. मूळचे वाईकडचे. नोकरी चेन्नईत ओएमआर रस्त्यावरच्या एका काचेच्या इमारतीत, बिऱ्हाड अड्यारला कस्तुरबा नगरात. वय पन्नाशीच्या उंबरठ्यावर, आणि हुद्दा कित्येक वर्षं जिथल्या तिथे. हा हुद्दा हलत का नाही, यावर त्यांनी पुष्कळ विचार केला आणि एक दिवस त्यांना साक्षात्कार झाला: आपल्याला गॉडफादर नाही. कामात काही कमी असेल, ही शक्यता त्यांनी तपासली नाही, कारण ती तपासायला सांगणारा कोणी गॉडफादर नव्हता.

तेव्हापासून ते माणसं जमवतात. त्यासाठी एक एक्सेल आहे. नाव, हुद्दा, ओळख कुठे झाली, कॉफीचे पैसे कोणी दिले, वाढदिवस, आणि शेवटच्या रकान्यात 'उपयुक्तता', पाचपैकी. वहिनींनी एकदा गॅसवाल्याचा नंबर शोधायला ही फाईल उघडली तर तिच्यात त्यांना स्वतःचं नाव सापडलं. उपयुक्तता चार. शेरा: फॉलो-अप बाकी.

"चार काय कमी आहेत?" संपर्कराव म्हणाले. "आमच्या डायरेक्टरला तीनच दिलेत."

अड्यारचं हे बिऱ्हाड त्यांनी भाडं बघून घेतलं होतं, पण आता ते सांगतात की गुरू भेटण्यासाठी याहून सिद्ध जागा भारतात नाही. यात तथ्य नाही असं म्हणवत नाही. थिऑसॉफिकल सोसायटीचं मुख्यालय १८८२ साली इथे नदीच्या मुखाशी आलं. मादाम ब्लाव्हाट्स्की यांचे मार्गदर्शक हिमालयापलीकडे राहत, कोणाला दिसत नसत, आणि त्यांची पत्रं इथल्या एका कपाटात आपोआप अवतरत. एकाचं नाव कूट हूमी, दुसऱ्याचं मोर्य. पुढे घरातल्याच एका बाईने भांडाफोड केली, १८८४ साली मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकात पत्रं छापून आली, इंग्लंडहून हॉजसन नावाचा चौकशी अधिकारी आला आणि कपाटाला मागून फट होती असा निष्कर्ष काढून गेला. संपर्कराव हा सगळा इतिहास जाणतात, पण त्यातून त्यांनी घेतलेला धडा निराळा आहे. "बघा," ते म्हणतात, "मेंटर प्रत्यक्ष भेटायलाच हवा असं नाही. ऑनलाइन चालतं."

त्यांचं खरं दैवत मात्र १९०९ सालचं. त्या वर्षी सोसायटीतल्या एका गरीब कर्मचाऱ्याचा अशक्त, मळकट, शाळेत मठ्ठ ठरलेला मुलगा अड्यारच्या किनाऱ्यावर खेळत होता. लेडबीटर नावाच्या गोऱ्या थिऑसॉफिस्टला त्याच्याभोवती तेजोवलय दिसलं, आणि जिद्दू कृष्णमूर्ती जगद्गुरू व्हायच्या मार्गाला लागला. अर्ज नाही, मुलाखत नाही, ओळख नाही. संपर्कराव रोज सकाळी साडेपाचला इलियट्स बीचवर चालतात ते याच आशेने. किनाऱ्यावर त्या वेळी निवृत्त न्यायाधीश, डॉक्टर, सचिव, एखाददुसरा कंपनीचा मालक, सगळे हात हलवत भराभर जात असतात. संपर्कराव समोरून येतात, म्हणजे वलय असलंच तर पूर्ण दिसावं. आजवर त्यांच्याकडे थांबून पाहिलं ते फक्त कुत्र्यांनी.

याच कृष्णमूर्तींनी पुढे १९२९ मध्ये हॉलंडात, आपल्यासाठी उभारलेली जागतिक संघटना भर सभेत बरखास्त केली, गुरूही नको आणि शिष्यही नको म्हणाले, हे मी एकदा सांगून पाहिलं. संपर्कराव क्षणभर थबकले. मग म्हणाले, "बरोबर आहे. तोपर्यंत नेटवर्क झालं होतं ना त्यांचं."

नव्या माणसाला ते सोसायटीच्या आवारातला वड दाखवायला नेतात. साडेचारशे वर्षांचा मानतात. मूळ खोड १९८९ च्या वादळात पडलं. आता जो पसारा दिसतो तो पारंब्यांचा. "याला म्हणतात नेटवर्क," असं ते हात पसरून सांगतात. एकदा त्यांच्याबरोबर चामडे संशोधन संस्थेतले एक निवृत्त शास्त्रज्ञ होते. चाळीस वर्षं कातडी कमावण्यात गेलेला माणूस, बोलणं मोजकं. त्यांनी सगळा पसारा निरखून विचारलं, "सार, अँड व्हेअर इज द ट्रंक?" संपर्करावांनी त्यांची उपयुक्तता त्या संध्याकाळी पाचवरून साडेतीन केली.

आता त्यांच्या सल्लागार मंडळाविषयी. गांधी नगरात राहणारे एक निवृत्त सचिव आहेत. त्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांचा सल्ला कायम एकच: कागदावर काही मागू नका, फाईल आपण होऊन हलू द्या. मग हे चामडेवाले शास्त्रज्ञ: घाई केली की कातडं कडक होतं. आयआयटीच्या रिसर्च पार्कात स्वतःची कंपनी चालवणारी एक तीस वर्षांची मुलगी आहे. संपर्कराव तिला 'रिव्हर्स मेंटर' म्हणतात. तिचं मत उद्याच्या उद्या राजीनामा द्या. एक वकील आहेत, तंजावरी मराठी, ज्यांच्या घरात तीनशे वर्षांपूर्वीची मराठी अजून स्वयंपाकघरापुरती जिवंत आहे. ते म्हणतात, माझ्याशिवाय कशावरही सही करू नका. या चौघांचं ऐकून सरासरी काढली की उत्तर येतं: आहे तिथे राहा. संपर्कराव तेच करत आले आहेत, फक्त आता ते चार तज्ज्ञांच्या सल्ल्याने करतात.

वकिलांशी त्यांचा वाद होतो तो सर टी. माधवरावांवरून. कुंभकोणमला १८२८ साली जन्मलेला हा मराठी माणूस मद्रासच्या हायस्कुलात पॉवेल नावाच्या मास्तरांच्या हाताखाली शिकला, त्रावणकोरच्या राजपुत्रांचा शिक्षक झाला आणि तिशीत त्या संस्थानचा दिवाण. पुढे इंदूर, मग बडोदा. तिरुवनंतपुरममध्ये त्यांच्या पुतळ्यामुळे त्या सगळ्या भागालाच 'स्टॅच्यू' म्हणतात. "पॉवेलसाहेबांनी हात धरला म्हणून!" संपर्कराव टेबलावर थाप मारतात. "मराठी माणसाला एक पॉवेल मिळाला की बघा कुठे जातो!"

वकील शांतपणे कॉफी डबऱ्यातून पेल्यात आणि पेल्यातून डबऱ्यात ओततात. "वडील त्रावणकोरचे दिवाण. काका दिवाण. ते राहू द्या. पॉवेलसाहेब नव्हते तेव्हा त्यांचा गणिताचा वर्ग कोणी चालवला? याच पोराने. तुमच्या साहेबाच्या गैरहजेरीत तुम्ही काय चालवता?"

"वर्क फ्रॉम होम," असं उत्तर मला सुचलं होतं, पण मी दिलं नाही.

याच माधवरावांचे चुलतभाऊ दिवाण बहादूर रघुनाथराव. त्यांच्या मैलापूरच्या घरी डिसेंबर १८८४ मध्ये, अड्यारचं थिऑसॉफिकल अधिवेशन आटोपल्यावर सतरा माणसं जमली आणि राष्ट्रीय सभेची कल्पना तिथे आकाराला आली, असं अ‍ॅनी बेझंट यांनी लिहून ठेवलंय. काँग्रेसचं श्रेय घ्यायला इतर गावंही उत्सुक आहेत, तेव्हा हे बेझंटबाईंच्या नावावर सोडू. वर्षभराने मुंबईत गोकुळदास तेजपाल पाठशाळेत पहिलं अधिवेशन भरलं, बहात्तर प्रतिनिधी. संपर्करावांना यातला सतरा हा आकडा फार खुपतो. "फक्त सतरा! माझ्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनशे चाळीस आहेत!" या ग्रुपवर सकाळी दोनशे चाळीस जणांना सूर्योदयाचं चित्र जातं. त्यातले एकशे नव्वद जण तेच चित्र परत पाठवतात. तिथून राष्ट्र उभं राहील असं लक्षण अजून दिसत नाही.

मध्यंतरी रिसर्च पार्कवाल्या मुलीने त्यांना मार्क ग्रॅनोव्हेटरचं नाव सांगितलं आणि घात झाला. या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा १९७३ सालचा निबंध जगप्रसिद्ध आहे. त्याने बॉस्टनजवळ, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं की ज्याने तुम्हाला ही बातमी दिली त्याला तुम्ही किती वेळा भेटत होता? नेहमी भेटतो म्हणणारे शंभरात सतराच निघाले. बाकीच्यांना नोकरी अधूनमधून किंवा क्वचित दिसणाऱ्या माणसाने मिळवून दिली होती. कारण साधं आहे. जवळच्या माणसाला जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊकच असतं. लांबचा माणूस दुसऱ्या वर्तुळातली खबर आणतो. चांगला निबंध आहे. संपर्करावांनी त्याचा सारांश वाचला आणि जवळच्या मित्रांना भेटणं बंद केलं. मी फोन केला तर म्हणाले, "आपली ओळख जरा घट्ट होत चाललीय. मार्चपर्यंत नको भेटायला."

डिसेंबर आला की मात्र त्यांना दम नसतो. मार्गळी महिन्याचा संगीताचा मोसम म्हणजे चेन्नईतला सगळा पैसा, सगळी पदं आणि सगळ्या कांजीवरम साड्या एका छताखाली. संपर्करावांना कल्याणी आणि तोडी यांतला फरक कळत नाही, पण कुठल्या संगीतसभेच्या कँटीनला कोण कधी येतं हे ते वेळापत्रकासारखं सांगतात. मैफलीत ते मांडीवर ताल धरतात, तो शेजारच्या माणसापेक्षा अर्ध्या मात्रेने मागे असतो, कारण ते त्या माणसाचंच बघून धरत असतात. तनी आवर्तनम, म्हणजे मृदंगाचं एकल वादन, सुरू झालं की हॉलमधून लोक कँटीनकडे सरकतात. मृदंगवादकाच्या दृष्टीने ही शोकांतिका, पण संपर्करावांचा खरा कार्यक्रम तिथे सुरू होतो. केळीच्या पानावर पोंगल वाढून होईपर्यंत दोन बँकर आणि एक हृदयरोगतज्ज्ञ. पायसमला कुलगुरू.

"सार, साप्टींगळा?" हा एवढाच तमिळ प्रश्न त्यांना अस्खलित येतो. जेवलात का? समोरचा हो म्हणाला की पुढचा प्रश्न इंग्रजीत आणि कामाचा.

एवढ्या सगळ्यांत खरा सल्लागार त्यांना एकदाच मिळाला होता, आणि त्यांनीच तो घालवला. इंदिरा नगरात एक मामी राहतात. जन्म माटुंग्याचा, नोकरी बँकेत, निवृत्त झाल्यावर मुलाकडे म्हणून अड्यारला. मराठी अशी स्वच्छ, की बोलायला लागल्या की आपण कमरेत वाकून उभे राहतो. संपर्कराव त्यांच्याकडे 'फायनान्शियल मेंटरिंग'साठी गेले. मामींनी ताक दिलं, सगळं ऐकून घेतलं, आणि त्यांचे कागद पाहिले. मग म्हणाल्या, "पीएफला नॉमिनी कोण आहे?"

संपर्करावांना वाटलं, ही प्रस्तावना असेल. लग्नाआधी नोकरी लागली तेव्हा आईचं नाव दिलं होतं, असं त्यांनी सांगितलं.

"आई?"

"ती गेली. दहा-बारा वर्षं झाली."

"मग आधी बायकोचं नाव घाल. संकेतस्थळावर घरबसल्या होतं, आधारवरून सही करायची. ते करून ये, पुढचं मग बोलू."

संपर्कराव पुढच्या महिन्यात गेले ते म्युच्युअल फंडांची यादी घेऊन. मामींनी यादीकडे पाहिलंही नाही. "नॉमिनी?" त्याच्या पुढच्या महिन्यात ते पुस्तक घेऊन गेले, यशस्वी माणसांच्या सवयींवरचं. "नॉमिनी?" चौथ्या खेपेला मामींनी ताक दिलं नाही. संपर्करावांनी एक्सेलमध्ये त्यांच्या नावापुढे 'मानद' असं लिहिलं आणि तो विषय मिटवला. मला म्हणाले, "विद्वान बाई आहेत, पण व्हिजन नाही."

मला स्वतःला असं वाटतं की जो माणूस मागच्या वेळी काय सांगितलं होतं ते लक्षात ठेवतो, त्याच्याकडे जाण्याची आपल्यातल्या बहुतेकांना भीती वाटते. नवा सल्लागार कसा छान असतो, त्याच्यापुढे आपली पाटी कोरी. संपर्करावांची आतापर्यंत अशी दोन-तीनशे वेळा तरी पाटी कोरी झाली असेल. असो.

गेल्या गणपतीत एक गोष्ट घडली. आयआयटीत शिकणारा नांदेडचा एक मुलगा, राहायला गोदावरी हॉस्टेलला, प्रसाद घेताना संपर्करावांच्या पाया पडला आणि म्हणाला, "काका, तुमच्या खूप ओळखी आहेत असं सगळे म्हणतात. तुम्ही माझे मेंटर व्हाल का?"

संपर्करावांच्या हातातला द्रोण कलंडला. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी शेकडो लोकांना विचारला होता, त्यांना कोणी विचारला नव्हता. "बघतो," म्हणाले. "मला जरा विचारून सांगावं लागेल."

आणि खरोखरच त्यांनी सगळ्या सल्लागारांना एका रविवारी घरी बोलावलं. विषय लेखी कळवला होता: 'मी मार्गदर्शक व्हावे काय?' तोवर ही मंडळी एकमेकांना ओळखत नव्हती. संपर्करावांनी त्यांना कटाक्षाने वेगवेगळं ठेवलं होतं, जशा काही लोक दोन बँकांत ठेवी ठेवतात. वहिनींनी बटाटेवडे आणि साबुदाण्याची खिचडी केली. मामा आले, शास्त्रज्ञ आले, वकील आले, रिसर्च पार्कवाली आली, तो मुलगाही आला. मामींना बोलावणं नव्हतं. त्यांना वहिनींनी बोलावलं.

विषयपत्रिका कोणी उघडलीच नाही. त्या मुलीची कंपनी यंत्रांच्या झिजेवर लक्ष ठेवणारं काहीतरी बनवत होती. शास्त्रज्ञांनी विचारलं, हे चामड्याच्या कारखान्यात चालेल का, राणीपेटला माझे विद्यार्थी आहेत. मामांना आठवलं की अशा कारखान्यांसाठी सरकारची एक योजना होती आणि तिची फाईल कुठे अडकायची हेही आठवलं. वकिलांनी करार कसा असावा ते सांगायला घेतलं. मामींनी त्या मुलीला विचारलं, "हिशेब कोण बघतं?" ती म्हणाली, "मीच." मामी म्हणाल्या, "दिसतंय." नांदेडचा मुलगा कोपऱ्यात बसून सगळं वहीत लिहून घेत होता. मध्येच त्याने सेन्सरविषयी एक शंका विचारली, मुलीने उत्तर दिलं, त्याने पुन्हा विचारलं, आणि तासाभराने त्याला तिच्याकडे सुट्टीतलं काम मिळालं. संपर्कराव स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात आणि दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात करत गरम वडे आणत राहिले. तीनदा त्यांनी "तर आपला विषय..." असं म्हटलं. तिन्ही वेळा कोणीतरी चटणी मागितली.

आता ही सगळी मंडळी महिन्यातून एकदा भेटतात, कधी मामींकडे, कधी वकिलांकडे. राणीपेटला एक यंत्र बसलंय म्हणे. मुलगा दर शनिवारी मामींकडे जातो, आठवड्याचा खर्च दाखवतो आणि ताक पिऊन येतो. ज्याच्यामुळे हे सगळं जुळलं त्या माणसाला भेटीचं निमंत्रण द्यायचं राहून जातं, पण त्यात दुष्टावा नाही. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने कळवलं असेल.

संपर्करावांनी राग मानला नाही. तो त्यांचा स्वभाव नव्हे. त्यांनी फक्त त्या मुलाला फोन केला. मी समोरच होतो.

"अरे, त्या मामींशी तुझं चांगलं आहे असं ऐकलं. माझ्यासाठी जरा शब्द टाकशील का? पुन्हा एकदा त्यांचं मार्गदर्शन मिळालं तर..."

मुलगा बिचारा शनिवारी विचारून आला आणि निरोप पोचवला. "काका, मामी म्हणाल्या, कधीही या. फक्त आधी तेवढं पीएफला काकूंचं नाव घालून या."

संपर्करावांनी फोन ठेवला. बराच वेळ ते समुद्राच्या दिशेला बघत राहिले. मग त्यांनी एक्सेल उघडली, वरून खालपर्यंत एकदा चाळली, आणि माझ्याकडे वळून गंभीरपणे विचारलं,

"तुमच्या ओळखीत पीएफ ऑफिसात कोणी आहे का हो?"